मीनलच्या सुट्ट्या

“तुम्हाला गियान-बारे सिंड्रोम झालाय,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळपायावर किल्लीने रेघ ओढली. मला काहीच कळलं नाही. ना रोगाचं नाव, ना ती रेघ.

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उलटते, नसांवरचं वेष्टण निघून जातं आणि हातपाय लुळे पडतात. “बहुतेक लोक बरे होतात, पण सावकाश. काही महिने लागतील.” मी ‘महिने’ एवढंच ऐकलं.

सुरुवात अगदी साधी होती. सप्टेंबरमध्ये पायांना मुंग्या आल्या, मी दोष नव्या बुटांना दिला. चार दिवसांनी इथल्या, अमेरिकेतल्या डब्लिनच्या घरातला जिना चढता येईना. हॉस्पिटलमध्ये स्पायनल टॅप झाली, म्हणजे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासतात. तिच्यात दुखतं थोडं, भीतीच फार. पुढे तीन आठवडे मला नळीत फुंकर मारायला लावून माझा श्वास मोजत होते.

घरी आले तेव्हा मला चमचाही धरवत नव्हता. यजमानांची रजा संपलेली, आणि नोकरी अशी की आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. दुपारी इथल्या मराठी मंडळातल्या सुधाकाकू येऊन बसत. बाकी सगळं लेकीवर, मीनलवर. ती पंधरा वर्षांची, दहावीत. मला उठवणं, न्हाणीघरात नेणं, भरवणं, पायांचे व्यायाम करून घेणं, आणि मग बस गाठणं.

काही दिवशी सकाळी मला उभंच राहवायचं नाही. नेमकी त्या दिवशी तिला सुट्टी असायची. “आई, टुडे इज अ हॉलिडे.” कधी शिक्षकांची मीटिंग, कधी कुणा प्रेसिडेंटचा वाढदिवस, कधी शाळेचं हीटिंग बंद. चार वर्षांपूर्वी नागपूरहून आलेल्या मला इथल्या सुट्ट्यांचं काय ठाऊक? आणि खरं सांगायचं तर मी खोदून विचारलंही नाही. ती घरी असलेली मला हवी होती. हे लिहिताना आजही लाज वाटते.

डिसेंबरात शाळेच्या काउन्सेलर बाईंचा फोन आला. सुधाकाकूंनी रिसीव्हर माझ्या कानाला धरला. बाई फार अदबीने बोलत होत्या. तुमचे सण पुष्कळ आहेत, मीनलच्या चिठ्ठ्यांवरून कळलं, वर्षाची यादी दिलीत तर आम्ही परीक्षा त्याप्रमाणे ठेवू. मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, छे हो, सणासाठी शाळा कशाला बुडवायची? आम्ही तर दिवाळीसुद्धा मंडळाला हॉल मिळेल त्या शनिवारी करतो. उलट तुमच्याच शाळेला किती सुट्ट्या!

मग त्यांनी हळूच विचारलं, “कोणत्या सुट्ट्या?”

आमच्या फ्रिजवरचं मराठी कॅलेंडर बघून लेकीने माझ्या नावाने शाळेला चिठ्ठ्या दिल्या होत्या; एकादशी, संकष्टी, चंपाषष्ठी, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. तिकडे आमचे सण, इकडे त्यांच्या सुट्ट्या. आणखी थोडे दिवस बुडाले तर वर्ष वाया जाणार होतं.

संध्याकाळी मी तिला विचारलं. “खरं सांगितलं असतं तर दे वुड सेंड समवन,” ती म्हणाली. “तुला घरातून नेऊन कायमचं नर्सिंग होममध्ये ठेवतील असं वाटलं.” घरातलं बाहेर बोलायचं नाही, हे आम्हीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. मी रागावणार तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी त्या बाई घरी आल्या. मला वाटलं, आता चौकशी होणार. त्यांनी आधी मीनलकडे वळून विचारलं, “तू कशी आहेस?” पोर ढसाढसा रडली. तीन महिन्यांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

मग भराभर मार्ग निघाले. मीनलला पहिला तास माफ झाला. बुडालेला अभ्यास घरी येऊ लागला, केमिस्ट्रीचे प्रयोग शाळा सुटल्यावर करून घेतले. हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर असते, म्हणजे रुग्णाच्या घरच्या अडचणी बघणारी बाई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने सकाळची नर्स मिळवून दिली.

तुमच्या घरी असं कुणी शाळकरी मूल सेवा करत असेल, तर पहिल्या आठवड्यातच शाळेला सांगा. मुलाला सांगायला लावू नका, तुम्ही सांगा. अब्रू जात नाही. आमची मीनल पास झाली.

एप्रिलमध्ये मी काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागले. एके दिवशी चार वाजले, पाच वाजले, तरी मीनल नाही, फोनही नाही. सहाला आली ती मैत्रिणीबरोबर खिदळत. मला दारात बघून एकदम थबकली. “सॉरी आई, आय टोटली फरगॉट.”

लेक मला विसरली होती. दोन तास तिच्या मनात मी नव्हतेच. मला इतका आनंद झाला की काठी भिंतीला टेकवून मी त्या दोघींसाठी पोहे भिजवले.