चिंधीपर्यंतचा नकाशा

सातपूरच्या ज्या शेडमध्ये मी नोकरी करते तिथे द्राक्षबागेत फवारणी करणारं यंत्र तयार होतं. चालक नसलेला ब्लोअर. दोन ओळींच्या मधून तो आपला आपण चालतो आणि वेलीवर पाला किती आहे ते बघून औषध कमी-जास्त करतो, असं आमच्या माहितीपत्रकात लिहिलंय. प्रत्यक्षात नुसतं बघून त्याचं भागत नाही. पाला दिसून पंपाचा दाब वाढेपर्यंत ती वेल मागे पडलेली असते. म्हणून पुढे काय येणार, याचा अंदाज त्याला आधीच हवा असतो. तो ड्रोनने काढलेल्या नकाशावरून घ्यायचा, मागच्या फेरीच्या नोंदींवरून घ्यायचा, की यंत्र इतकं हळू चालवायचं की कॅमेऱ्यांवरच निभावेल, हे ठरवणारा सॉफ्टवेअरचा भाग माझ्याकडे आहे.

थोडक्यात, कोणावर किती विश्वास ठेवायचा हे मी ठरवते. घरी हे सांगितलं तेव्हा आई हसायला लागली. "तू? तू तर शेजारच्यांकडे साखर मागायला जात नाहीस." ते खरंच होतं. माणसांशी बोलायचं म्हटलं की मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि तेही बहुतेक वेळा इंग्रजीत जुळतं.

दिंडोरीच्या बाजूला एका काकूंची बाग आम्हाला चाचणीसाठी मिळाली होती. ऑक्टोबरची छाटणी होऊन वेली नव्याने फुटल्या होत्या. मोजमापं घ्यायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा हरसूलकडच्या बायकांची टोळी शेजारच्या बागेत फेलफूट काढत होती. फेलफूट म्हणजे घड नसलेले जादा फुटवे. ते खुडले की वेल मोकळी होते, हवा खेळते. काम सुटायच्या वेळी एका बाईने कमरेची चिंधी काढून ओळीच्या टोकाच्या खांबाला बांधली. मी बघत होते, ते तिने बघितलं.

"काय मॅडम, चिंधी कधी बघितली नाय?"

"ही... कशासाठी बांधली?"

"हितवर झालं म्हनून. घरला गेलं की डोस्कं रिकामं. चिंधी इसरत नाय."

"तुझा गाडा फेलफूट काढतो का गं?" दुसरीने विचारलं.

"नाही. अजून तरी नाही."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

पुढच्या आठवड्यात आमच्या ड्रोनने बागेचा नकाशा काढला. त्यानंतर चार दिवसांनी रात्री भुरभुर पाऊस पडला आणि सकाळी सातच्या आत काकूंचा आमच्या कंपनीच्या सरांना फोन आला. अशा पावसानंतर डाऊनी येते. ही बुरशी कोवळ्या घडात शिरली की घड वाळून जातो आणि त्या वेलीचं वर्ष संपतं. त्यामुळे पाऊस उघडला की सगळा तालुका एकाच सकाळी फवारणीला निघतो. ट्रॅक्टरवाला कुठेच मोकळा नसतो. काकूंचा ब्लोअर एरवी त्यांचे दीर चालवायचे, पण त्यांची पाठ धरली होती. "तुमचं यंत्र आणा," काकू म्हणाल्या. "आज चुकलं तर मला दुसरी सकाळ नाय."

आम्ही पोचलो तेव्हा पानं ओली होती आणि वारा पडलेला होता. ऊन चढलं की वारा सुटणार हे काकू दोनदा सांगून गेल्या. सरांनी टॅबलेटवर नकाशा उघडला. सगळी बाग गडद हिरवी, म्हणजे पाला दाट. माझ्या सॉफ्टवेअरने त्याला जवळजवळ पूर्ण विश्वास देऊन टाकला होता, कारण नकाशा किती जुना आहे एवढंच ते विचारत होतं, आणि चार दिवस म्हणजे ताजाच.

पण अलीकडच्या बांधावर खुडलेल्या फुटव्यांचा ढीग पडला होता. अर्धवट सुकलेला. नकाशात तो नव्हता.

"सर," मी म्हटलं, "नकाशानंतर फेलफूट काढलीय. पाला आता इतका नाही. नकाशाप्रमाणे औषध सोडलं तर कोवळे शेंडे करपतील."

सरांनी काकूंकडे बघितलं. "काढली का?"

"काढली की. सगळी झाली. टोळीच्या मुकादमानं जाताना फोन केला होता, मी दिरांना घेऊन दवाखान्यात होते."

"मग सोपं आहे," सर मला म्हणाले. "नकाशा बंद कर. सगळीकडे कमी औषध, सरळ वेग."

ते सोपं होतं खरं. फक्त पलीकडच्या बांधावर ढीग नव्हता. मी गाडीतून उतरतानाच ते बघितलं होतं. टोळी दोन्ही बांधांवर ढीग लावते, जो जवळ असेल त्यावर. आणि काल हरसूलचा बाजार होता, टोळी लवकर निघाली असणार. पलीकडची बाजू राहिली असेल आणि आम्ही कमी औषध मारलं, तर दाट पाल्याच्या आतला घड कोरडाच राहणार. म्हणजे मला काकूंना त्यांच्याच बागेबद्दल सांगावं लागणार होतं की तुम्हाला मिळालेली खबर चुकीची असू शकते. वाक्य जुळेना.

"मी एकदा चालून येते," एवढंच म्हणाले.

"अगं, वारा सुटेल," सर म्हणाले.

"जाऊ द्या तिला," काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज कोरडा होता.

मी ओळींच्या टोकाटोकाने जवळजवळ पळत गेले. बागेच्या साधारण मध्यावर एका खांबाला निळी, ओली चिंधी होती. तिच्या अलीकडे वेलींतून आकाश दिसत होतं. पलीकडे पाला इतका गच्च होता, की हात घातला तर दिसेनासा व्हावा.

मी तिथूनच हात वर केला. काकू आल्या, चिंधी बघितली आणि मुकादमाला एक शिवी हासडली. "झालं म्हनला मेला! बाजार आडवा आला आसंल." मग माझ्याकडे वळल्या. "आता गं?"

ह्या वेळी वाक्य थेट मराठीत आलं. "चिंधीच्या पलीकडे नकाशा खरा आहे. तिथे आधी जाऊ, पूर्ण वेगाने. डाऊनीची भीतीही तिथेच जास्त. अलीकडे नकाशा बंद करून हळू चालवू, यंत्राच्या डोळ्यांवर."

"हळू म्हणजे वारा गाठणार," सर म्हणाले.

"गाठू दे," काकू म्हणाल्या. "गच्च आहे ते तर वाचंल."

मी सॉफ्टवेअरमध्ये त्या खांबाची जागा भरली. दाट बाजू वाऱ्याआधी झाली. मोकळ्या बाजूला यंत्र बैलासारखं रेंगाळत चाललं, आणि शेवटच्या काही ओळी राहिल्या असताना तुषार तिरपे उडायला लागले. काकूंनी ते थांबवायला लावलं. त्या ओळी त्यांनी संध्याकाळी पाइप ओढत हाताने मारल्या. मी पाइप धरायला थांबले.

आठवड्याने पुन्हा गेले. टोळी परत आली होती आणि चिंधीच्या पुढे खुडत होती. काकू दाट बाजूच्या ओळीत शिरल्या आणि एकेक पान उलटं करून बघायला लागल्या. डाऊनी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी दिसते. मी शेजारच्या ओळीत तेच करायला लागले.

"नाय काही," काकू टोकाला येऊन म्हणाल्या.

"इकडेही नाही."

त्यांनी पदराने हात पुसले. "मशीनमध्ये काय बदललंस?"

"सुरू व्हायच्या आधी ते आता एक प्रश्न विचारतं. नकाशा काढल्यानंतर वेलीला कोणी हात लावला का, आणि कुठपर्यंत."

"विचारणार कोणाला?"

"तुम्हाला."

काकू हसल्या. "मला नको बाई. त्या दिवशी मलाच कुठं ठावं होतं?" त्यांनी टोळीकडे मान वळवली आणि ओरडल्या, "ए, आज कुठवर आलं गं? चिंधी बांधली का नाय अजून?"