शेपटीची दोरी

१७ ऑक्टोबर २०१९ रोजी कझाकस्तानातल्या अतिराऊ शहरातल्या बँकेत बिसेनगलीच्या नावावर ५०,५०० तेंगे दंड भरला गेला. तो त्याने भरला नव्हता.

आमच्या मत्स्यबीज केंद्रात मी हिशेब पाहतो. बिसेनगलीने तिथे उभी हयात बेकिरेची, म्हणजे स्टर्जनची, पिल्लं वाढवली. अंड्यांच्या हव्यासापायी हा मासा संपत आला, म्हणून झायिक नदीत तो धरायला बंदी आहे. चुकून गळाला लागलाच तर दोर कापायचा आणि तिथल्या तिथे सोडायचा. गावाला हे बिसेनगलीनेच शिकवलं. निवृत्त झाला तरी वसंतात पिल्लं सोडताना पहिली बादली त्याच्याच हातची असायची. दंड झालेल्या माणसाला मात्र हा मान मिळत नाही.

दंडाच्या आधीच्या रविवारी त्याने दुसऱ्याच माशांसाठी गळ टाकला होता. लागला बेकिरे. झुंजून झुंजून मासा उताणा व्हायला लागला. केंद्रात अशा माशाच्या शेपटीला मऊ दोरी बांधून, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच विसावू देतात. बिसेनगलीच्या हातांनी सवयीने तेच केलं. दोरीचं दुसरं टोक होडीला बांधून तो बसून राहिला. तेवढ्यात तपासनिसांची होडी आली. त्यातला अरिस्तान आमच्याच केंद्रात शिकलेला.

"काका, हे काय?"

"दमलाय रे. दम खाऊ दे, मग सोडतो."

"चोरही असाच बांधतात. घरी नेईपर्यंत ताजा राहतो."

"मला चोर म्हणतोस?"

"मी कशाला म्हणू? दोरी म्हणतेय. तुम्ही शिकवलेल्या नियमात दम खाणं कुठे होतं?"

मासा सुटला. होडी जप्त झाली, वर दंड लागला.

त्यातून त्याच आठवड्यात मुलीचे सासरे तोलेगेन जेवायला यायचे होते. व्याह्यांच्या ताटात बेकिरे वाढला नाही तर आमच्याकडे अजूनही नाकं मुरडतात. त्यामुळे बिसेनगलीवर कोणाचाच विश्वास बसेना. बायको कालामपिर हळूच म्हणाली, "मला तरी खरं सांगा. निदान मोठा होता का?"

हरकतीचा अर्ज मी लिहून दिला. शुक्रवारी तो द्यायचा होता. गुरुवारी तोलेगेन आले आणि घोड्याच्या मटणाच्या परातीशेजारी त्यांनी बँकेची पावती ठेवली.

"आमच्यासाठी केवढी जोखीम घेतलीत, व्याहीबुवा. मासा गेला तर गेला, दंड आमचा."

"मी तो ठेवणार नव्हतो."

"नव्हतातच. अहो, आमचे वडीलही पोलिसांना हेच सांगायचे."

सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी अर्ज बघून कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "दंड भरलात म्हणजे गुन्हा कबूल केलात. आता हरकत कसली?"

"मी नाही भरला."

"मग ज्याने भरला त्याला विचारा."

त्याने कसेबसे पैसे जमवले आणि तोलेगेनकडे गेला. तोलेगेन दारातच म्हणाले, "व्याह्याचे पैसे परत करता? मग मुलीलाही घेऊन जाता का?" मुलगी आतून ऐकत होती. बिसेनगली पाकीट खिशात ठेवून चहा पिऊन आला.

वसंतात पहिली बादली दुसऱ्याने ओतली. बिसेनगली काठावर मागे उभा होता. शाळेच्या पोरांतलं कोणीतरी बोललं, "तेच ना, बेकिरेवाले आजोबा?" आधीही त्याला हेच म्हणायचे.

उन्हाळ्यात मुलीला मुलगा झाला. बाळ पहिल्यांदा बघायला जाणारा पैसे ठेवतो आणि ते कोणाला नाकारता येत नाहीत. बिसेनगलीने बाळाच्या दुपट्यात ४७,००० तेंगे ठेवले. तोलेगेन म्हणाले, "फार हट्टी आहात."

"दोरी मासा जगावा म्हणून बांधली होती," बिसेनगली म्हणाला.

"बरं. चहा घ्या."

तोलेगेनचे ३,५०० तेंगे अजून द्यायचे आहेत.