म्हातारी, तिची गाय आणि माझा दोन भिंगांचा डबा

माझ्याकडं दोन भिंगांचे जुने कॅमेरे चार आहेत आणि ते चारही एकाच वेळी नीट चालले, असा दिवस मी अजून पाहिलेला नाही. एकाचं शटर अडकतं, एकाची रोल पुढं सरकवायची किल्ली घसरते, एकाच्या भिंगाला बुरशी लागली आहे. चौथा धड आहे म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवावा, तर दगा नेमका तोच देतो. तरी एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या फळीवर तसला चौकोनी डबा दिसला, की माझे पाय थांबतात. बायकोनं यावर बोलणं सोडून दिलं होतं. दुष्काळाच्या त्या वर्षी ती पुन्हा बोलायला लागली.

तेव्हा मी शिरूर कासारकडच्या एका गावात दूध संस्थेत कारकून होतो. दूध आटत गेलं तसं मला काम उरेना. मग संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी घातली आणि आलेल्या जनावरांच्या नोंदी माझ्याकडं आल्या. नोंदीचे फोटो मोबाईलवर काढायचे होते. पण मी गळ्यात तो चौथा डबाही अडकवून जायचो. कोणी सांगितलं नव्हतं, हौस माझीच.

छावणीत एक म्हातारी होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, म्हणून ती एकुलत्या गायीला घेऊन तिथंच पाल ठोकून राहत होती. कॅमेरा पाहून ती उठून जवळ आली. लग्नानंतर नवऱ्यासोबत ती बीडला असल्याच पेटीपुढं उभी राहिली होती म्हणे. तो फोटो वाळवीनं खाल्ला, नवराही गेला. आता तिला गायीसोबत फोटो हवा होता आणि तो याच पेटीतला. मोबाईलमधला नको.

मी तयारीला लागलो. या कॅमेऱ्यात वरून खाली काचेत बघावं लागतं आणि काचेत डावं ते उजवीकडं दिसतं. गाय एका बाजूला सरकली की मी नेमका उलट्या बाजूला वळायचो. तीस वर्षं हे कॅमेरे हाताळूनही मला ते जमत नाही. दोनदा गाय काचेतून निघून गेली, एकदा म्हातारी. शेवटी ती वैतागली.

"मला बघायचं सोडून डब्यात काय बघायलास?"

"मावशी, डब्यातच दिसता तुम्ही. हलू नका."

"मी कुठं हलायले? तूच हलायलास."

तिचं बरोबर होतं. कसाबसा मी फोटो घेतला. एवढ्यात संस्थेचे चेअरमन आले. चारावाटपाचा फोटो लगेच हवा होता, आणि मोबाईलची बॅटरी संपलेली. पेंढी हातात धरून ते उभेही राहिले. त्या घाईत मी शटर ताणलं आणि दाबलं. रोल पुढं सरकवायला विसरलो. जुन्या कॅमेऱ्यात शटर वेगळं ताणायचं असतं आणि रोल वेगळा फिरवायचा असतो. विसरलात तर तो अडवत नाही, दोन्ही फोटो एकमेकांवर उमटतात.

हे मला कळलं ते रोल धुतल्यावर. आणि धुणं म्हणजे पाणी. गावात टँकर चार दिवसांनी यायचा. उन्हाळ्यातल्या पाण्यात फिल्मवरचा थर मऊ पडून निघायला लागतो, म्हणून संस्थेच्या शीतकरण केंद्रातून मी डबाभर गार पाणी आणलं होतं. ते फिल्म धुण्याचं औषध कालवण्यातच संपलं. नंतर फिल्म पुन्हापुन्हा धुवायला घरचीच घागर घ्यावी लागली. बायको न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती.

"लेकरांना मी तांब्याभर पाण्यात आंघोळ घालते," ती म्हणाली, "आन् तुमचा डबा घागरभर पितो व्हय?"

मी दोन दिवस आंघोळ केली नाही.

फिल्म वाळली आणि मी कपाळाला हात लावला. गायीच्या तोंडावर चेअरमनचा पेंढी धरलेला हात होता आणि म्हातारीचा चेहरा त्यांच्या सदऱ्यातून बाहेर डोकावत होता. लपवावं असं पुष्कळ वाटलं. पण ती रोज विचारत होती. अखेर छाप काढून नेला आणि माझी चूक सांगितली. तिनं तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यानी माझ्या गाईला इतक्या जवळून चारा कवाच दिला न्हाई," ती म्हणाली आणि छाप पदराखाली ठेवून दिला. मग म्हणाली, आता दुसरा काढ.

दुसऱ्यासाठी मी शटर अडकणारा डबा नेला, कारण चौथ्यावरचा माझा विश्वास उडाला होता. शटर अर्थातच अडकलं. माळावरची धूळ आत गेली होती. मी डबा घरी नेला, पुढचं भिंग उघडून पुसला, परत नेला. त्या दिवशी गाय उठायलाच तयार नव्हती. चाऱ्याचं ट्रॅक्टर उशिरा आलं होतं आणि ती रुसल्यासारखी पडून राहिली. म्हातारीनं तिला थोपटलं, ओढलं, तिच्याशी बोलली. अर्ध्या तासानं गाय उठली तेव्हा माझ्या रोलात एकच फोटो उरला होता. या वेळी काचेत बघत मी जागचा हललोच नाही. म्हातारी मात्र माझ्याकडं बघून बोलायला लागली, की एवढा येळ लागतो कावून, आणि त्याच क्षणी माझं बोट दाबलं गेलं.

फोटो स्वच्छ आला. गायीचे कान, कपाळावरचं पांढरं, म्हातारीच्या हातातला कासरा, सगळं लख्ख. फक्त तिचं तोंड उघडं होतं आणि ती मला रागावत होती.

मुलगा आणि सून परत आल्यावर ती गाय घेऊन घरी गेली. मी फोटो पोचवायला गेलो तेव्हा तिनं तो आधी सुनेला दाखवला आणि तोंड उघडं आलं ते या बाबामुळं, हे सांगितलं. मग मुलाला सांगितलं. शेजारीण आली, तिलाही सांगितलं. मी चहा पिऊन उठलो तेव्हा मुलगा भिंतीवर खिळा ठोकत होता, आणि चौथा माणूस ऐकायला दारात येऊन बसला होता.