घोंगडीवरची जागा

जुगारावर लिहिणारा म्हणून लोक मला ओळखतात. पुण्याच्या ज्या मासिकाने मला लेखक केलं, त्याने एकदा माझ्या नावाखाली ‘जुगाराच्या दुनियेचे जाणकार’ असं छापलं होतं. ते वाचून माझ्या एका मेहुण्याने माझ्याशी बोलणं टाकलं आणि दुसऱ्याने पत्ते शिकवा म्हणून गळ घातली. दोघांचाही गैरसमज. मी लिहायला लागलो त्या वर्षापासून, एक डाव सोडला तर, मला कोणी खेळू दिलेलं नाही. लोकांना वाटतं, मी सुधारलो. सुधारतो कसला! मला हाकललं. तेही हात जोडून हाकललं, म्हणून जास्त लागलं.

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीच्या हपिसात हजेरी कारकून होतो. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वैरागला थोरल्या भावाचं घर होतं, पण तिथे गेलं की दुसऱ्या लग्नाचा विषय निघे, म्हणून मी जाणं कमी केलं. भाड्याची एक खोली, खाणावळीतली भाकरी आणि शेंगाचटणी. गिरणी चालू असली की दिवस कसाबसा जायचा. सुटीच्या दिवशी मात्र मला माझाच आवाज ऐकायला मिळत नसे, कारण बोलायचं कोणाशी? कधीकधी मी पिठाच्या डब्याशी बोलायचो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. एकट्या माणसाला विचारा, तोही कशाशी तरी बोलत असतो.

बाजाराच्या मागच्या बोळात एका मियाँचं चहाचं दुकान होतं. दुकानामागे एक लांबट खोली आणि खोलीत काळी घोंगडी अंथरलेली. तिथे अंदर-बाहर चाले. खेळ इतका सोपा की शहाण्या माणसाला तो खेळ वाटतच नाही. एक पान मधोमध उघडं ठेवायचं. समजा, सत्ती निघाली. मग मियाँ एक पान अंदर, एक पान बाहेर असं टाकत जाणार. दुसरी सत्ती ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. अक्कल लागत नाही, हातचलाखी लागत नाही. फक्त बाजू निवडायची आणि बघत बसायचं. मला या खेळाने वेड लावलं. पान उलटायच्या आधीचा जो क्षण असतो, त्यात माणूस एकटा नसतो. पंधरावीस जण एकाच पानाकडे बघत असतात आणि सगळ्यांचा श्वास एकदम अडकतो. मी पैशासाठी गेलो नाही असं म्हणणार नाही, पण नुसत्या पैशासाठी कोणी महिनोन्‌महिने त्या कोंदट खोलीत बसत नाही.

त्या घोंगडीची एक रीत होती. घोंगडीवर अहोजाहो नाही. बाहेर कोण काय असेल ते असो, जोडे काढून आत बसला की तो ‘अरे’. मंगळवारच्या बाजाराला मेंढरं घेऊन येणारा एक धनगर व्यापारी होता, पहाडासारखा माणूस. रस्त्यात भेटला की तो मला ‘कारकूनसायेब’ म्हणून रामराम घाली. आत आलं की, “ए कारकुना, सरक की! हितं काय तुझ्या बाचं हापिस हाय?” असं म्हणून कोपराने ढुशी देई आणि माझ्या द्रोणातली भजी खुशाल उचली. दुसऱ्या बाजूला एक तेलुगू विणकर बसे. तो हरला की तेलुगूत शिव्या देई आणि अर्थ विचारला की मराठीत आणखी शिव्या देई. मला ‘अरे’ म्हणणारी माणसं जगात तेवढीच उरली होती. आईबाप गेलेले, बायको गेलेली, भाऊ ‘अहो’ म्हणायला लागलेला. ती ढुशी मला हवी असायची. आज लिहितानासुद्धा ती मला बरगडीत जाणवते.

मग तीस सालचा मार्शल लॉ, लष्कराचा कायदा, आला. गावात गोळीबार झालेला, गिरण्या बंद, रस्त्यावर चार माणसं एकत्र दिसायची चोरी. मियाँने खोलीला कुलूप घातलं. मी माझ्या खोलीत बसून भिंतीकडे बघायचो. पत्ते होते, पण एकट्याने अंदर-बाहर खेळून बघा, तीन डावांत रडू येतं. शेवटी गिरणीचे कोरे कागद काढले आणि खेळ कागदावर मांडला. मेंढरवाला आला, बसला, मला ढुशी दिली. विणकराने शिवी घातली. मियाँने पान उलटलं. लिहीत असताना खोलीत माणसं असल्यासारखं वाटे, म्हणून लिहीत राहिलो.

मेंढरवाला कायम बाहेरवर लावायचा. का, तर आपलं सगळं आयुष्यच बाहेर, माळावर. आणि तो कायम हरायचा. कागदावर तरी त्याला जिंकू द्यावं असं मला वाटलं. मी त्याला एका बैठकीत लागोपाठ जिंकवला. एवढं जिंकवला की त्याला जिंकायचा कंटाळा येतो आणि तो ‘आता एकदा हरीव रं’ म्हणून मियाँच्या विनवण्या करतो, असं लिहिलं. कायदा उठल्यावर ते पुण्याला धाडलं आणि विसरून गेलो. ते छापून आलं.

मियाँची खोली पुन्हा उघडली होती. मासिकाचा अंक मी तिथे घेऊन गेलो तो मंगळवार होता. विणकर रात्रशाळेत मराठी शिकलेला. त्याने आपल्या हेलात सगळं मोठ्याने वाचलं. हसून हसून माणसं लोळली. मेंढरवाल्याला आधी खरं वाटेना. मग, “माझं नाव न्हाय व्हय रं यात?” असं विचारून तो हिरमुसला आणि तेवढ्यात पान पडलं ते बाहेर. पुढचंही बाहेर. त्या संध्याकाळी तो जिंकतच गेला. कोणी आता हसत नव्हतं. विणकर माझ्याकडे असा बघायला लागला की मला माझ्या चेहऱ्याला काही लागलंय की काय असं वाटलं.

“ह्यानं लिवलं तसंच झालं,” कोणीतरी मागून म्हणालं.

मी म्हटलं, अरे, वेडे आहात का? पान ते पान. पण जुगाऱ्याला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या आठवड्यात विणकर कागद घेऊनच आला. “माझं पण लिव्ह की.” मी थट्टेत दोन ओळी खरडून दिल्या. तो जिंकला. मग तर संपलंच. मी अंदरवर लावलं की अख्खी खोली अंदरवर. मी बाहेरवर गेलो की सगळे धावत बाहेरवर.

आता यात मियाँची पंचाईत ध्यानात घ्या. एका बाजूचे हरलेले पैसे दुसऱ्या बाजूला द्यायचे आणि मधले थोडे आपल्याला ठेवायचे, हा त्याचा धंदा. सगळे एकाच बाजूला बसले आणि ती बाजू जिंकली, तर त्याने द्यायचं कुठून? पहिल्या आठवड्यात त्याने चहाच्या गल्ल्यातून दिलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला घोंगडीच्या एका कडेला घेतलं.

“बुरा मानो नक्को, साब. तुम खेलो नक्को. बैठो, चाय पियो, देखो. लिखो.”

‘साब’ म्हणाला तो मला. घोंगडीवर उभं राहून.

मी बघत बसलो. पण बघणंही जमेना. लोक पैसे लावायच्या आधी माझे डोळे बघत. डावीकडे नजर गेली की अंदर, उजवीकडे गेली की बाहेर. मी नजर छताला लावली, तर त्याचाही काही अर्थ असेल म्हणून दोघांत भांडण जुंपलं. शेवटी माझी बसायची जागा दुकानाच्या ओट्यावर आली. मियाँ चहा पाठवी, पैसे घेत नसे. आतून ‘अंदर!’, ‘बाहेर!’ असा ओरडा ऐकू येई, हसणं ऐकू येई. कोण हसलं ते मी आवाजावरून ओळखायचो आणि घरी जाऊन लिहायचो. मासिकवाले आणखी मागत होते. दर महिन्याला एक जुगारी असं ठरलं. त्याचा मोबदला कारकुनीच्या पगारापेक्षा बरा यायला लागला, तेव्हा गिरणी सोडली. माणसं अभिनंदन करीत. मी हो हो म्हणे. ओट्यावर बसून मला कळून चुकलं होतं की हे सगळं मी आत असताना सुचलं होतं आणि मी आत परत गेलो नाही तर आत काय होतं ते मला आयुष्यभर फक्त आठवत बसावं लागणार.

म्हणून मी मियाँला म्हटलं, एक डाव खेळू दे. फक्त एक. मी हरलो की यांचं भूत उतरेल. मग मी पुन्हा कारकून, पुन्हा कोपऱ्यात बसेन.

“और जीते तो?”

“तू मला हरव. पानं तुझ्या हातात आहेत.”

मियाँने पत्त्यांवर हात ठेवला. “साब, इस हाथ से आज तक एक पान गलत नहीं गिरा,” तो म्हणाला. “तुम्हारे वास्ते भी नहीं गिरेगा. खेलते तो खेलो.”

मी घोंगडीवर बसलो. कोणी ढुशी दिली नाही, उलट दोन्हीकडून लोक सरकले आणि माझ्याभोवती वीतभर मोकळी जागा झाली. मधोमध चव्वी निघाली. मी अंदरवर लावलं. बघता बघता अख्खी खोली अंदरवर आली. कोणी टोपीतले काढले, कोणी कमरेचे. बाहेरची बाजू सारवलेल्या अंगणासारखी रिकामी.

मियाँ पानं टाकू लागला. मी देवाला कधी पैसे मागितले नाहीत, त्या दिवशी हार मागितली. अंदर राणी. बाहेर तिर्री. अंदर दश्शी. बाहेर गुलाम. पानं पडत गेली आणि मला वाटायला लागलं की आता पडेल, बाहेर पडेल, आणि मेंढरवाला माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणेल, ए कारकुना, घातलंस व्हय आमाला खड्ड्यात! तो गुद्दा मला जवळजवळ लागलासुद्धा.

चव्वी अंदर पडली.

खोलीत जो ओरडा झाला तो बाजारापर्यंत गेला असेल. मियाँने एकेकाचे पैसे चुकते केले, कोणाला थांबवलं नाही. मी तिथेच बसून रडत होतो आणि लोकांना वाटलं, आनंदाने. तेवढ्यात मेंढरवाला उठून पुढे आला, वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घ्यायला गेलो तर त्याने घट्ट धरले. त्या माणसाच्या एका हातात मेंढी मावत असे. बाहेर पडताना मियाँने माझे जोडे सरळ करून ठेवलेले दिसले.

घरी येऊन मी शेवटचा उपाय केला. लिहिलेलं खरं होतं असं त्यांना वाटतं ना, मग मी माझंच लिहिलं. त्यात मी हरतो. माझ्यामुळे सगळे हरतात, सगळे मला शिव्या घालतात, मेंढरवाला बखोट धरून मला घोंगडीवर आदळतो आणि म्हणतो, बस गप, खेळ आमच्यासारखा. आजवर लिहिलेल्यात ते सगळ्यात चांगलं आहे असं लोक म्हणतात. छापून आल्यावर अंक मी विणकराच्या घरी पोचवला आणि मंगळवारची वाट बघत बसलो.

बाजारात मेंढरवाला भेटला. लांबूनच त्याने मुंडासं काढलं.

“वाचून दावलं आमाला,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “आमी जिकलो आन् तुमी मातर सोताला हरल्यालं लिवलं. आमची समद्यांची हार तुमी आपल्या अंगावर घेतली. एवढं मोटं मन कुटं असतंय का, सायेब?”

“अरे, तसं नाही. मला तुमच्यात बसायचंय. ए म्हण मला. एकदा म्हण.”

तो हसला. मोठी माणसं थट्टा करतात तेव्हा लहान माणसांनी हसावं, तसा. “तुमास्नी? जीब झडंल की माजी.” मग त्याने पुन्हा हात जोडले, मेंढरांचा दोर सोबत्याच्या हातात दिला आणि मियाँच्या बोळाकडे वळला. आतून बोलावणं आल्यासारखा तो घाईत होता. मी बाजारातून कांदे घेतले आणि घरी आलो.