बरफ सरला, पोट्टी उभीच होती

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघ शोधत फिरणारी माणसं पुष्कळ आहेत. पण बर्फावरच्या हॉकीसाठी खेळाडू शोधत फिरणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो ब्रह्मपुरीत आमच्या घरामागच्या गल्लीत राहत होता. मे महिन्यात नळाच्या पाण्याने हात पोळतात अशा गावात बसून या माणसाला एकच काळजी असायची, की इथलं कोण पायात पातं लावून बर्फावर नीट पळेल. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात. प्रत्यक्षात बरीच वर्षं मी त्यांना काही म्हटलंच नाही, आणि त्यांचंही काही अडलं नाही, कारण ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतच नसत. ते पायांकडे बघत. आईने एकदा मला त्यांच्याकडे कढीपत्ता द्यायला पाठवलं, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "मास्तरांची पोरगी ना तू? डाव्या पायावर जोरच देत नाई. काऊन वं, कोणी मारते का तुले?" मी कढीपत्ता ओट्यावर ठेवून पळून आले. घरी येऊन आरशासमोर चालून पाहिलं. खरंच देत नव्हते.

भाऊंनी आठ हिवाळे लडाखात काढले होते. जवानांच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, ते पोळ्या लाटायचे आणि त्यांच्या खिडकीसमोर एक गोठलेला तलाव होता. त्यावर जवान आणि आसपासची पोरं रबराच्या चकतीमागे काठ्या घेऊन धावत. खिडकी लहान होती. तिच्यातून मैदानाचा अर्धाच भाग आणि अलीकडचाच गोल दिसायचा. त्यामुळे आठ वर्षं भाऊंनी फक्त चढाई करून येणारे फॉरवर्ड पाहिले. पलीकडच्या टोकाला उरलेली माणसं काय करतात हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याचं महत्त्वही वाटत नव्हतं. स्वतः ते एकदाही बर्फावर उतरले नव्हते. कुणी यावरून टोमणा मारला तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "म्हणूनच मले दिसते. खेळणाऱ्याले आपलाच खेळ दिसते, बावा."

निवृत्त होऊन गावी आल्यावर माणसं शेती बघतात, देवळात जातात. भाऊ बसस्टँडवर जाऊन बसू लागले. थांबण्याआधीच लाल गाडीतून उडी मारणारा माणूस कुठल्या पायावर उतरतो, उतरल्यावर किती पावलांत सावरतो, हे ते खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या वहीत टिपून घेत. पोस्टमन, कंडक्टर, तालुक्याचे साहेब, सगळ्यांचे अहवाल त्या वहीत होते. एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. नवरी फेरे घेत होती, लोक डोळे पुसत होते, आणि भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "तोल बरा हाय. पण वळताना सगळा भार नवरदेवावर टाकते." स्तुती आधी करायची त्यांची पद्धत नव्हती. खोट पहिल्या ओळीत, गुण असलेच तर शेवटी. हिशेबात कुणालाही सूट नाही.

त्यांची मुख्य परीक्षा मात्र लादीची. मासळीवाल्यांसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यातून ते एक लादी सायकलवर, पोत्यात आणि धानाच्या कोंड्यात गुंडाळून आणत आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली ठेवत. उमेदवाराने अनवाणी, एका पायावर, त्या लादीवर उभं राहायचं. भाऊ घड्याळ घेऊन समोर उकिडवे बसत. गल्लीतली सगळी मुलं परीक्षेला येत, पण उभं राहायला नव्हे. भाऊंचं लक्ष चुकलं की ते बर्फाचं मैदान चाटायला. मी आमच्या मागच्या खिडकीतून हे बघायचे. टिकणारे अर्ध्या मिनिटात "आई गं" करून उतरत, आणि भाऊ लिहीत, "थंडी पायाले नाई, डोस्क्याले लागली." मग लादीचं पाणी होई, पाणी कडुलिंबाच्या मुळाशी जिरे, आणि ते बराच वेळ त्या ओल्या जागेकडे बघत बसून राहत. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नसे.

माझा संबंध आला तो इंग्रजीमुळे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे एक दिवस ते वही घेऊन दारात उभे राहिले. "हे इंग्रजीत करून दे. पण इकडचं तिकडं नाई पायजे." कुठल्या कुठल्या क्रीडा संघटनांना ते खेळाडूंचे अहवाल पाठवत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. माझा छापलेला कागद हातात आला की ते त्यातल्या एकेका आकड्यावर बोट ठेवत, आपल्या वहीत तोच आकडा शोधत, आणि दोन्हीकडे पेन्सिलीने बारीक खूण करत. वय, उंची, लादीवरचे सेकंद. "आकडे जुळले म्हंजे बाकीचंबी बरोबर असन," ते म्हणत. मग पाकीट स्वतः चिकटवून स्वतः टपालात टाकत. अशी कितीतरी पत्रं गेली. एकाचंही उत्तर आलं नाही. मला त्याचं बरंच वाटायचं, कारण उत्तर आलं असतं तर ते त्यांना वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली असती.

प्रणाली त्यांना बसच्या खिडकीतून सापडली. आरमोरीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक तलाव आहे. तिचे वडील डोंग्यातून जाळं फेकत होते, आणि पंधरा वर्षांची ही मुलगी मागे उभी राहून बांबूने डोंगा ढकलत होती. भाऊ पुढच्या थांब्यावर उतरले आणि दीड कोस उलटे चालत आले. तिच्या आईला म्हणाले, "बाई, जाळं पडलं तं डोंगा हलते. पण डोंगा हलाच्या आंधी हिचे गुडघे हलले. मी सोताच्या डोयानं पाह्यलं." आई टोपलीत मासोळ्या निवडत होती. ती म्हणाली, "मंग? काही बिमारी हाय का भाऊ?"

तिला लादीवर उभं केलं तो दिवस मला आठवतो. एप्रिलची दुपार. मुलं हसत होती. मग हसेनाशी झाली. बघणारी माणसं घरी जाऊन जेवून आली तरी ती उभीच. लादी दोन्ही कडांनी खचत गेली, पाटाएवढी उरली, मग विटेएवढी. शेवटी ओल्या मातीवर तिचं लाल झालेलं पाऊल आणि त्याखाली बर्फाचा एक काचेसारखा तुकडा. भाऊंनी त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली, आणि गल्लीभर ती म्हणत फिरले, "बरफ सरला, पोट्टी उभीच होती!"

पुढचं वर्षभर राइस मिलच्या सिमेंटच्या पटांगणात, जिथे धान वाळवतात तिथे, ती भाऊंनी नागपुरातून आणलेले जुने चाकांचे स्केट घालून फिरत राहिली. हातात वाकवलेला बांबू, पुढे टायरची कापलेली चकती. भाऊ ओरडत, "चकतीकडं नको पाहू! ते कुठी पळून नाई जात!" धान आलं की पटांगण बंद, ढीग उचलला की पुन्हा सुरू. मी कधीमधी वहीचे कागद द्यायच्या निमित्ताने जायचे आणि भिंतीशी उभी राहायचे. ती वळायची तेव्हा तिच्या अंगातून काहीतरी सैल होऊन वाहायचं. मी तसं कधीच कुठे वळले नाही.

आणि मग पहिल्यांदाच एका संघटनेचं उत्तर आलं. लडाखात मुलींचं निवड शिबिर होतं. शिफारस करणाऱ्याने सविस्तर अहवाल पाठवायचा होता. शेवटचा प्रश्न होता, ही खेळाडू पुढे व्यावसायिक पातळीवर खेळू शकेल का. भाऊ तीन दिवस लिहीत होते. चौथ्या दिवशी वही माझ्यापुढे ठेवली. त्यांनी आयुष्यात कुणाची केली नव्हती इतकी स्तुती त्यात होती. तोल, नजर, गोलासमोरचा धीर. आणि शेवटी, "तिनं १५ व्या वर्षी सुरुवात केली. तिकडची पोरं ५ व्या वर्षी करतात. हे १० वर्षांचं अंतर भरून निघणार नाही. पुढे जाईल असं मला वाटत नाही."

"हे लिहायलाच हवं का?" मी विचारलं. त्यांना मी विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न.

"त्याहीनं इचारलं हाय न?" ते म्हणाले. "मंग खोटं कसं लिवू?"

संध्याकाळी प्रणालीची आई बाजारातली टोपली घेऊन आमच्या दारावरून गेली. थांबली. आत आली नाही. "तुम्हीच लिवून राह्यल्या म्हणे, बाई. चांगलं लिवजा. एकडाव जाऊ द्या तिले. मंग मासोळ्या हायेतच जिंदगीभर."

मी शेवटची दोन वाक्यं गाळली. मी आजवर कुणाच्या कागदात काही बदललं नव्हतं, माझ्या स्वतःच्या अर्जातसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंनी बोटाने आकडे तपासले. बोट शेवटच्या परिच्छेदावर जरा थांबलं. त्यांनी पाणी मागितलं. मी आणलं, तोवर त्यांनी पाकिटाला गोंद लावला होता. आकड्यांच्या गर्दीत त्यांच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चालले.

तिला बोलावलं. भाऊंनी तिला आपला लंगरातला हिरवट स्वेटर दिला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. ती गाडीत बसली त्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगू लागले, "मी खरं तेच लिवलं होतं, बावा. उशीर झाला म्हणून लिवलं. तरी बोलावलं त्याहीनं!" हे ते माझ्यासमोरही म्हणत, आणि मी खाली, त्यांच्या चपलांकडे बघत असे.

शिबिर संपायच्या आधीच ती परत आली. मी पटांगणात भेटले तिला. पायात स्केट नव्हते.

"दहा-दहा वर्षाच्या पोट्ट्या माह्या बाजूनं अशा जात, ताई," ती म्हणाली, "जशी मी उभीच हावो. तिथले सर म्हणाले, तू चांगली आहेस, पण उशिरा आलीस." मग जरा वेळाने, "पण तो तलाव पाहाले पायजे होता तुम्ही. पूरा गोठलेला. लोक वरतून चालून राह्यले. मले वाटे, खाली मासोळ्या काय करत असतीन?"

भाऊंनी स्केट धुऊन, तेल लावून खुंटीला टांगले. नंतर बसस्टँडवर ते बसत, पण वही नसे. मला ते कधी काही बोलले नाहीत. मीही सांगितलं नाही. रोज उद्या सांगू असं वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात भाऊ गेले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, ती वहीची खताची पिशवी माझ्या हातात दिली. "इंग्रजीचे कागद हायेत त्याच्यात. मले काय समजते." घरी येऊन मी वहीतलं प्रणालीचं पान उघडलं. सगळ्या आकड्यांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. १५ वर होती, ५ वर होती. १० वर नव्हती. त्याभोवती गोल काढला होता, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पोरीनं गाळलं. राहू दे."

ज्या माणसाने नवरीला तिच्या स्वतःच्या लग्नात सूट दिली नव्हती, त्याने ते पाकीट आपल्या हाताने चिकटवलं होतं. आणि मग तो गल्लीभर, माझ्यादेखत, खरं तेच पाठवलं म्हणून सांगत फिरला होता.

मी आता नोकरीसाठी रोज सकाळच्या बसने गडचिरोलीला जाते. थंडीत आरमोरीच्या अलीकडे तलावावर धुकं असतं. कधी ते विरळ असलं तर डोंग्यात उभी असलेली ती दिसते, गुडघ्यांपर्यंत हिरवट स्वेटर घातलेली. वडील जाळं फेकतात. मी पुसलेल्या काचेतून तिचे गुडघे बघते. अजूनही ते डोंग्याच्या आधी हलतात.