गालाशी धरलेली पट्टी

लेकीकडे परदेशी गेले होते, तेव्हा तिने मला बर्फावरची शर्यत बघायला नेलं. पायांना लांब पट्ट्या बांधून पोरी डोंगरावरून अशा सुटत होत्या, की मी लेकीचा हात घट्ट धरून ठेवला. त्यातली एक गुडघ्याचं ऑपरेशन करून वर्षाने परतली होती म्हणे. नेमकी तीच वळणावर आपटली. लंगडत, ओठ चावत खाली आली. मला वाटलं, आता कुणीतरी तिला जवळ घेईल. तर एक कोटवाला धावत आला, त्याने तिच्या पायातली एक लांब पट्टी सोडवून पुसली आणि तिच्या गालाशी उभी धरायला लावली. समोर कॅमेरे!

“हे काय गं?”

“पट्टीवरचं कंपनीचं नाव दिसायला हवं ना, आई. तेच तर तिचा सगळा खर्च करतात.”

“अगं, पण तिचा पाय?”

“तो नंतर.”

शी! आपल्याकडेही सासरी निघालेल्या रडवेल्या पोरीला ‘हस की जरा’ म्हणणारा फोटोवाला असतो. पण त्याला निदान तिचा चेहरा हवा असतो. इथे चेहऱ्याची नुसती भिंत केलेली, जाहिरात चिकटवायला.

फोटो संपले. कोटवाल्याने पट्टी मऊ पिशवीत जपून ठेवली आणि निघाला. पोरगी तिथेच उभी होती, एका पायावर.