आज फुली, उद्या भोक

वृषालीचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या बाजारात पांढऱ्या कांद्याची माळ निवडत होते. माळ माझ्या भावासाठी, मिलिंदसाठीच होती. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... किहीमला पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही, असं जो तो सांगत होता. त्याला झाला नसेल. माझा धाकटा भाऊ, शाळेतून नुकताच निवृत्त झालेला गणिताचा मास्तर, आणि मी त्याच्या दारात कांद्याची माळ घेऊन उभी. माळ कुठे ठेवायची तेही सुचेना. शेवटी नेहमीच्या सवयीने ती नारळाच्या खोलीत नेऊन खुंटीला अडकवली. तिथे त्याच्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा एक कोरा डबा होता. त्यावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या, भोकं मात्र पाडलेली नव्हती.

गिटार वाजवणाऱ्यांच्या पायाशी एक छोटा डबा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याला पेडल म्हणतात. पायाने दाबला की गिटारचा आवाज बदलतो, कधी घोगरा होतो, कधी विहिरीत हाक मारल्यासारखा घुमतो. मिलिंद हे पेडल घरी बनवायचा. त्याला स्वतःला गिटारची एक तारसुद्धा धड छेडता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. त्याचं असं झालं, की त्याचा जुना विद्यार्थी निखिल एक दिवस खाऱ्या हवेने गंजलेलं पेडल घेऊन आला. "सर, बघा ना काय होतंय काय." निखिल दिवसा टेम्पो चालवतो आणि संध्याकाळी कॉटेजवाल्यांकडे गिटार वाजवतो. मिलिंदने ते पेडल उघडलं आणि तिथेच अडकला. त्यानंतर वाडीतले नारळ खोलीच्या एका कोपऱ्यात सरकले आणि उरलेल्या खोलीत ड्रिल मशीन, सोल्डरची तार आणि हा मास्तर.

सर्किट जोडण्याचं त्याला फार कौतुक नव्हतं. "तार कुणीही जोडेल ताई, डब्यात बसवणं हे खरं गणित." तळहातावर मावेल एवढा डबा. वर पायाने दाबायचं बटण आणि आवाज फिरवायच्या खुंट्या, एका बाजूला गिटारची वायर आत यायचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला बाहेर जायचं. बाहेरून सगळं ऐसपैस दिसतं, आत मात्र प्रत्येकाला शेपूट असते आणि सगळ्यांना त्याच जागेत नांदायचं असतं. एकदा घाईघाईत त्याने आखलेला कागद डब्याच्या आतून चिकटवला आणि आखल्याप्रमाणे भोकं पाडली. सगळं आरशातल्यासारखं उलटं आलं. इतकी वर्षं मुलांना प्रतिबिंब शिकवणारा माणूस... मी पोट धरून हसले. तो नाही हसला. त्याने तो डबा टेबलासमोर खिळ्याला टांगला आणि नियम केला, आज फुली, उद्या भोक. आखलेल्या दिवशी डोळे आपल्याच बाजूने बोलतात, असं त्याचं म्हणणं.

उद्या म्हणजे सकाळी, वृषाली पोळ्या करायला बसली की. कारण मधली परीक्षा कणकेची असायची. "वृषाली, लिंबाएवढी कणीक दे गं." त्या कणकेने तो बटण, सॉकेटं, सगळं आतून फुल्यांच्या मागे चिकटवायचा आणि झाकण लावून बघायचा. झाकण बसलं तर फुली पास. नाही बसलं तर फुली खोडायची आणि पुन्हा आखायची. वृषाली वैतागायची. "माझी एक पोळी रोज तुमच्या डब्यात जाते." मग मला बोलावणं. नारळाच्या सोडणावर, त्या जाड सालीवर, डबा टेकवून मी दोन्ही हातांनी धरायचा, तो खोबरेल तेलाचा थेंब टाकायचा आणि मशीन लावायचा. थंडीत तेल थिजलं की बाटली उन्हात ठेवून आम्ही दोघं पायरीवर बसून राहायचो. आमच्या आयुष्यातल्या निम्म्या गप्पा तेल वितळायची वाट बघताना झाल्या.

तेराव्यानंतर निखिल आला. पालखीच्या संध्याकाळी देवळापुढे त्याच्या ग्रुपचा कार्यक्रम होता आणि तो डबा त्याच्यासाठीच होता. आतलं सर्किट तयार होतं. "ताई, डबा द्या, पनवेलला कुणाकडून तरी भोकं पाडून घेतो." मी म्हटलं, डबा या खोलीबाहेर जाणार नाही. या मापाचा दुसरा डबा नव्हता, आणि त्यावर माझ्या भावाच्या हातच्या शेवटच्या रेघा होत्या. बिघडला असता तर दोन्ही गेलं असतं. तरी ठरवलं, की हा डबा इथेच पुरा होणार आणि भोकं मी पाडणार. आमच्या घरात हट्ट वाटून दिला तेव्हा मिलिंदच्या वाट्याला थोडा कमीच आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलला बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेले. वृषाली तव्यापाशी होती. म्हटलं, "कणीक दे." तिने पाठमोरीच विचारलं, "केवढी?" मी म्हटलं, "लिंबाएवढी." तिने गोळा तोडून माझ्या हातावर ठेवला आणि गॅस बंद करून माझ्या मागोमाग आली.

मी सगळं त्याच्यासारखं आतून चिकटवलं. झाकण बसेना. डबा नेहमीपेक्षा बोटभर अरुंद होता, आणि त्याचा हात जुन्या मापाला सरावलेला. त्याने दोन्ही सॉकेटं समोरासमोर, एका रेषेत आखली होती आणि आत त्यांच्या शेपट्या बटणाखाली एकमेकींवर चढत होत्या. मिलिंद चुकला होता. सकाळी कणकेने त्याला सांगितलंच असतं, पण ती सकाळ त्याला मिळाली नाही.

निखिल म्हणाला, "ताई, सरांची शेवटची फुली हाय ती. तितंच मारा. आत बसवू कसंतरी."

"कसंतरी हा शब्द या खोलीत चालत नाही," मी म्हटलं खरं, पण पेन्सिल माझ्याही हातून उचलवेना. फुली सोडायची म्हणजे त्यालाच सोडल्यासारखं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, रडू येत होतं. तेव्हा वृषाली म्हणाली, "ते असते तर फुली हलवली असती. दोनदा हलवली असती आणि मध्ये चहा मागितला असता."

मी एका सॉकेटची नवी फुली शेजारी मारली. कणीक लावली. झाकण बसलं. नियम म्हणजे नियम, म्हणून निखिलला परत पाठवलं आणि उद्या ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी कणकेने पुन्हा एकदा खात्री केली. निखिलने सोडणावर डबा धरला, मी तेलाचा थेंब टाकला. आधी बारीक भोक, मग मोठं.  अ‍ॅल्युमिनियमचा चुरा आणि तापलेल्या खोबरेलाचा वास सगळ्या खोलीत भरला आणि वृषाली तिथेच नारळाच्या ढिगावर बसली. जाते म्हणाली नाही.

मिलिंद डबे घासून रंगवायचा. निखिलने रंगाचं विचारलं, मी नको म्हटलं. पालखीच्या संध्याकाळी मी पुढच्या खुर्चीत बसले होते. निखिलने पायाने डबा दाबला आणि गिटारचा आवाज एकदम घोगरा, जाडाभरडा झाला. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आवाज आला, आणि न खरखरता आला. कार्यक्रम संपल्यावर त्याने डबा आणून दाखवला. कडेला माझं भोक आहे आणि शेजारी मिलिंदची फुली, तशीच. ती पायाने पुसली जाऊ नये म्हणून निखिलने वर पारदर्शक पट्टी चिकटवली आहे.

आता निखिलच्या एका मित्रालाही पेडल हवं आहे. सर्किट निखिल जोडतो म्हणाला. काल मी किहीमला येऊन डबा आखून ठेवला आणि रात्री इथेच राहिले. आज सकाळी उठून बघते तर ओट्यावर वाटीखाली कणकेचा गोळा झाकलेला. मी मागितला नव्हता.